कातड्यातल्या माणसाचे नाव

प्रति,
मा. काइदसाहेब,
मंडळ कार्यालय, ऐत ऊझरू

विषय : बिलमाउनचे कातडे शाळेच्या अंगणात एका गोष्टीपुरते चढवू देण्याबाबत, आणि मुख्यतः उतरवू देण्याबाबत.

संदर्भ : १) कातडी व मुखवटे यांवरील बंदीचा आपला आदेश. २) अर्जदाराचा याच विषयावरील पहिला अर्ज, त्रुटी दाखवून परत आलेला.

महोदय,

अर्जदार रक्या बिंत लहसेन ही तागदिर्त गावच्या बालवर्गाची शिक्षिका असून याच खोऱ्यात जन्मलेली आहे. वर्गातील मुले घरी ताशेल्हित ही खोऱ्याची बोली बोलतात आणि शाळेत आली की अरबीपुढे त्यांची दातखीळ बसते. सणाच्या गोष्टींनी ती सुटते, हा अर्जदाराचा अनुभव आहे. जानेवारीतल्या नव्या वर्षाच्या लापशीत शकुनासाठी लपवलेली खजुराची बी कोणाला सापडली, ही गोष्ट अरबीत सांगितली तेव्हा सगळा वर्ग एकमेकांवर ओरडत होता आणि तेही अरबीतच. म्हणून यंदा बकरी ईदच्या सुट्टीतही अर्जदाराने मुलांना अंगणात बसवून बिलमाउनची गोष्ट सांगितली.

गोष्ट आपणही लहानपणी ऐकली असेल. कुर्बानीच्या बकऱ्यांची कातडी अंगावर चढवून, तोंडाला काजळी फासून तो दारोदार फिरतो, खुराने पाठीवर थापट्या देतो आणि वर्षाची बरकत ठेवून जातो. आत कोण आहे हे कळले तरी बोलायचे नाही. बोलले, तर तो कातड्यातच राहतो. अर्जदाराने यात पदरचे काही घातलेले नाही. फक्त भाषा बदलली.

ईदच्या दुसऱ्या दिवशी बिलमाउन अंगणात आला आणि मुले किंचाळत पळाली. केल्तूम नावाची सहा वर्षांची मुलगी तेवढी उभी राहिली. तिने वर्षभरात अरबीचा एक शब्द उच्चारला नव्हता. तिने त्याच्या पायांकडे पाहिले, अंगठ्याची तुटलेली नखे पाहिली आणि स्वच्छ अरबीत म्हणाली, "तू माझे बाबा आहेस." तिचे हे पहिले पूर्ण वाक्य होते. सगळे हसले. अर्जदाराने तर टाळ्या वाजवल्या.

मुलीचे वडील दक्षिणेकडच्या बंदरात बोटीवर कामाला आहेत आणि ईदपुरते घरी आले होते. दरवेळेप्रमाणे ते दुसऱ्या दिवशी पहाटे, मुलगी झोपेत असताना, बसने निघून गेले. ती उठली तेव्हा अंथरूण रिकामे होते आणि दाराशी कातडी वाळत टांगली होती. त्या सकाळपासून केल्तूम बोललेली नाही, अरबीही नाही आणि ताशेल्हितही नाही.

तिची आई इज्जा हिचे शब्द अर्जदार जसेच्या तसे देत आहे, कारण ते सौम्य करण्याचा अधिकार अर्जदारास नाही : "बाई, तुम्हाला पोरीच्या तोंडात दुसरी भाषा घालायची होती ना? घातलीत. आता घरातली होती तीही गेली. मला आई म्हणून हाक मारत नाही ती. कुणाला सांगू?" वडिलांचा बंदरातून फोन आला तेव्हा इज्जाने तो मुलीच्या कानाला लावला. मुलीने फोन हळूच जमिनीवर ठेवला आणि त्यावर पातेले पालथे घातले. आतला आवाज बापाचा असला तरी बोलणारा दुसराच आहे, अशी तिची समजूत झालेली दिसते. तेव्हा वडील साध्या कपड्यांत घरी आले म्हणून भागणार नाही. कातड्यातून बाप बाहेर पडताना तिला दिसला पाहिजे.

हे एका मुलीपुरते राहिलेले नाही. आता वर्गात कोणीही आपले नाव अरबीत घेऊ देत नाही; घेतले की माणूस अडकतो, असे मुलांना वाटते. हजेरी सुरू झाली की मुले कानांत बोटे घालतात. अर्जदार "लाल स्वेटर", "पुढचा दात पडलेला" अशी हजेरी घेते, पण ती कागदावर धरत नाहीत. कागदोपत्री सगळा वर्ग गैरहजर आहे, आणि मुलेच नाहीत तर शाळा कशाला, अशी विचारणा वरून आली आहे. मुले समोर बसलेली आहेत. शाळा बंद झाली तर त्यांची गोष्ट इथेच अर्धवट राहील आणि ती तेवढीच घेऊन मोठी होतील, याची अर्जदारास भीती वाटते.

अर्जदाराची अडचण दुहेरी आहे. बाजारच्या गावात याच ईदला काही टारगट पोरांनी कातड्यांआडून हात साफ करून घेतले म्हणून आपला आदेश निघाला की कातडे चढवायचेच नाही. गावातील जाणते म्हणतात की चढवलेले कातडे लोकांदेखत उतरवायचे नाही. त्यांतले वडीलधारे दा बेलायद यांनी पहिल्यांदा अर्जदारास झाडलेच : "कातडं चढलं की माणूस संपला. मग तो कुणाचा बाप नाही नि कुणाचा नवरा नाही. तुझी शाळा आहे म्हणून रीत मोडू?" मात्र त्यांनी केल्तूमला एकदा समोर बसवून बदाम दिले आणि नाव विचारले. ती नुसती बघत राहिली. मग म्हातारबाबा दाढी कुरवाळत म्हणाले, "उतरवू दे त्याला पोरांसमोर. आम्ही पाठ करून बसतो. जे पाहिलं नाही ते घडलं नाही." म्हणजे गावाकडून वाट मोकळी आहे. आता फक्त आपली परवानगी हवी.

पहिला अर्ज परत आला तो रकाना क्रमांक चारमुळे. कातडे घालणाऱ्या इसमाचे पूर्ण नाव व ओळखपत्राची प्रत हवी, असा शेरा होता. आपले गावातील प्रतिनिधी मुकद्दम हमू हे स्वभावाने वाईट नाहीत. ते म्हणाले, "बाई, मला काय, रकाना भरायचाय. बिलमाउनचं ओळखपत्र द्या, विषय संपवा." अर्जदाराने त्यांनाच सांगितले की नाव तुम्हालाही ठाऊक आहे, तुम्ही लिहा. त्यांनी पेन हातात घेतले, दाराबाहेर पाहिले, वारा सुटला आहे म्हणाले आणि निघून गेले.

वारा खरोखरच सुटला आहे. मुलीचे वडील गुरुवारी पहाटेच्या बसने एका दिवसासाठी यायचे आहेत. दोन दिवसांपासून त्यांचा फोन लागत नाही. इज्जा म्हणते, "समुद्रात फोन कुठला लागतोय, दरवेळी असंच असतं." पण ती हे दिवसातून अनेकदा म्हणते. अर्जदार शिकलेली आहे. कातड्याच्या गोष्टीचा आणि समुद्राचा काही संबंध नाही, हे तिला समजते. तरी रात्री ती दाराला कडी घालून पुन्हा ओढून पाहते.

आज हा अर्ज वर्गात बसून लिहिला. इज्जा चाऱ्याला गेली की केल्तूम शाळेत थांबते. ती बाकावर शेजारी बसून लिहिणे बघत होती. रकाना चारशी आल्यावर अर्जदाराने मन घट्ट करून नावाचे पहिले अक्षर काढले. केल्तूमला नाव वाचता येत नाही, पण ते अक्षर येते, कारण अर्जदारानेच शिकवले आहे. तिने तळहात त्यावर दाबून धरला आणि शाई पुसून जाईपर्यंत उचलला नाही. अर्जदाराने तिला थांबवले नाही. खरे सांगायचे तर अर्जदारास हायसे वाटले.

तरी विनंती की रकाना चार रिकामा असताना हा अर्ज मंजूर व्हावा. गुरुवारी तो माणूस आला, मुलांसमोर कातडे उतरवून उभा राहिला आणि केल्तूमने त्याला हाक मारली, तर त्याच हाकेवरून आपण त्याचे नाव लिहून घ्यावे. ती ज्या भाषेत मारेल त्या भाषेत.

आपली भ्यालेली, तरी नम्र,
रक्या बिंत लहसेन
बालवर्ग, तागदिर्त
सोमवार, १४ जून

सोबत :
१) परत आलेला पहिला अर्ज.
२) दा बेलायद व इतर जाणत्यांची संमती, अंगठ्यांसह.
३) ओळखपत्राची प्रत जोडलेली नाही.

टीप : रकाना चारवरील डाग ही खाडाखोड नाही. तो मुलीचा हात आहे.