शेवटच्या पानापर्यंत

आई, माझ्या हाताखाली आता तीन देशांची माणसं आहेत आणि ती सगळी माझं ऐकतात. तू हसली असतीस. सख्ख्या भावाशी माझं कधी पटलं नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? घोडबंदर रोडवरच्या एका उंच इमारतीत आमचं ऑफिस आहे. औषधांच्या गोळ्या पाकिटात भरणारी यंत्रं आम्ही बनवतो. आराखडा ठाण्याच्या आणि जर्मनीच्या लोकांनी काढायचा, यंत्र जपानात बसवायचं. या सगळ्यांची प्रमुख म्हणून मला नेमलं, पण तात्पुरतं. नवं यंत्र तिघांनी मिळून मंजूर केलं तर पद माझं, नाहीतर काम जर्मनीला आणि ठाण्याच्या मुलांना नारळ.

दोनदा मी तोंडघशी पडले. मीटिंगमध्ये जर्मन साहेब तोंडावर "हे चुकलंय" म्हणायचा, आमची मुलं एकमेकांचं वाक्य तोडत बोलायची आणि जपानी मंडळी शांतपणे मान हलवायची. आम्ही तो होकार समजायचो, कारण आपल्याकडे ज्याला पटलेलं नाही तो माणूस गप्प बसतच नाही. मग दोन-तीन दिवसांनी तिकडून अतिशय नम्र मेल यायची की हे यंत्र आमच्या कारखान्यात चालणार नाही. जर्मन साहेब भडकायचा, "मग तेव्हाच का नाही बोललात?" आणि खापर माझ्यावर फुटायचं.

तिसऱ्या मीटिंगच्या आधी मला तू आठवलीस. कोपरीतल्या लग्नांत वाढपावर तुझं राज्य असायचं. गावकीची माणसं, शेजारच्या चाळीतली बौद्ध कुटुंबं, रेल्वेत नोकरीला असलेले तमिळ शेजारी, सगळे एकाच पंगतीत. मी लहान आहे, समोर गरम वडे आहेत, मी तुकडा मोडते आणि तू भर पंगतीत माझं मनगट धरतेस. "हात मागं घे. शेवटच्या पानाव अजून भात नाय परला." मला रडू येतं, पण तू माझ्याकडे बघत नाहीस. तुझं लक्ष पंगतीच्या टोकाला आहे, कारण लाजरी, मागून न घेणारी माणसं तिथेच जाऊन बसतात.

मी मीटिंगला तोच कायदा लावला. आराखडा सगळ्यांनी आधी गुपचूप वाचायचा, प्रत्येकाने आपलं मत लिहून पाठवायचं आणि शेवटच्या माणसाचं येईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. आमचा एक पोरगा कुजबुजला, "मॅडम, परीक्षा चालू आहे का आपली?" जर्मन साहेब घड्याळ बघत होता. तो बोलायला लागला तसा मी हात वर केला आणि, आई, तो चक्क थांबला. सगळ्यांत शेवटी जपानच्या वयस्कर इंजिनिअरचं मत आलं. यंत्राचं दार जिथे उघडतं, तिथूनच त्यांच्याकडे माणसांची ये-जा असते. साहेब म्हणाला, "सरकतं दार करू." आमच्या मुलांनी तिथल्या तिथे चित्र बदललं. तिघांची मंजुरी त्याच मीटिंगमध्ये मिळाली.

पद पक्कं झालं. ठाण्याचं एकही माणूस गेलं नाही, उलट नवीन भरती चालू आहे. आता कोणी मध्येच बोललं तर जर्मन साहेबच त्याला गप्प करतो. मी नाक वर करून हिंडते आहे आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

तू गेलीस तिथे टपाल पोचत नाही, हे पत्र पेटीत टाकायचं नाही, मला माहीत आहे. मीटिंगमध्ये माझं सगळ्यांसमोर कौतुक झालं, घरी नवऱ्याने पेढे आणले. तू कधी कुणाला शाबासकी दिली नाहीस. फार तर "बेस झाला" म्हणायचीस आणि पुढच्या कामाला लागायचीस. खरं सांगते, एवढं सगळं मिळूनही मला अजून तेवढंच ऐकायचं आहे.