मूठभर गव्हाचं पीठ

भडगाव,
२० जुलै २०२५

चि. सौ. हेमलता हिस सासूचे आशीर्वाद.

तू माहेरी एरंडोलला गेलीस त्याला आता वर्ष होईल. इकडे सर्व ठीक. गिरणेला पाणी आलंय, अंगणात कर्दळ फुललीय. भूषण तुझ्याशी फोनवर बोलतो तेव्हा मी उगाच घासलेली भांडी पुन्हा घासते.

तुझ्या पोटाच्या तपासणीचा रिपोर्ट त्याने वाचून दाखवला. मला तो खरा मानायचा नव्हता. कागद पिशवीत घालून एकटीच जळगावला तुझ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पडद्यावर निरोगी आतड्याचं आतलं अस्तर दाखवलं. काय सांगू, मखमल गं. पेशींचा एकच झिरझिरीत थर, वर बुळबुळीत लेप. जंतू आले की त्याच पेशी त्यांना मारणारा रस सोडतात, आतल्या फौजेला हाक घालतात, अन्नाला मात्र वाट देतात. चार-पाच दिवसांत झडतात, नव्या येतात. तुझ्या पोटात गहू गेला की ती फौज त्यालाच शत्रू समजते आणि आपलीच मखमल कापत सुटते. तुझ्या आतड्याचा फोटो विटलेल्या लुगड्यासारखा सपाट होता.

तेव्हापासून दुपारी डोळा लागला की मी त्या मखमलीवर अनवाणी चालते. पायाखाली सगळं हळूहळू डुलत असतं. कुणीतरी विचारतं, "हाई काय लई उनी तू?" काय आणलंय ते दाखवायला माझी मूठ उघडत नाही.

गेल्या श्रावणात कानबाईच्या सणाला तू नैवेद्याचा रोट खाल्ला नाहीस. गव्हाचा तो रोट फक्त घरच्यांनी खायचा, म्हणून न खाणारी घरची नाही, असं मी धरलं. "आई, गहू सोसत नाही," तू म्हणालीस. मी भाऊबंदांसमोर म्हटलं, "बठ्ठं ढोंग शे."

मग तुझ्या कळण्याच्या भाकरीत मी मूठभर गव्हाचं पीठ मिसळलं. ज्वारी-उडदात ते कळत नाही. पहिल्याच दिवशी तू ओकलीस. ढोंग नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं, हेमलता. तरी आठ दिवस मिसळत राहिले. नवव्या दिवशी तुझे वडील तुला घेऊन गेले.

भूषणला हे ठाऊक नाही. पत्र त्याला दाखव, माझी जीभ रेटत नाही.

डॉक्टर म्हणाले, गहू पूर्ण बंद ठेवला तर वर्ष-दोन वर्षांत मखमल पुन्हा उगवते. घरातला गहू मी काढलाय. नवी परात आणलीय. तीन ऑगस्टला कानबाई आहे, यंदा रोट ज्वारीचा. भाऊबंद बोलतील, बोलू देत.

ये म्हणायला मला तोंड नाही. आलीसच तर पीठ तूच मळ. मी परातीला हात लावणार नाही.

तुझ्या भाकरीची गुन्हेगार,
प्रमिला