चतुर्दशीचं पान

खोडद, ता. जुन्नर
२१ सप्टेंबर २०२५, सर्वपित्री अमावास्या

चि. अमृत यास,

ताईचे आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, तूही बरा असशील. फोन उचललास तर मीटिंगमध्ये आहे म्हणतोस, म्हणून हे पत्र. मीटिंग संपल्यावर वाच.

घरची खबर म्हणशील, तर कांद्याचं रोप टाकलं होतं, निम्मं पावसाने बसवलं. माझ्या समृद्धीचं अवसरीच्या कॉलेजातलं दुसरं वर्ष सुरू झालं. आईचे गुडघे आहेत तसेच, विसरणं मात्र वाढलंय. परवा समृद्धीला माझ्या नावाने हाक मारत होती. तू लिहितोस ती मालिका तेवढी विसरत नाही. शनिवारी दिवेलागणीपासूनच टीव्हीसमोर बसते.

तिसरं पर्व आम्ही पाहिलं. अवकाशयानं छान उडतात. खर्च दिसतो हो.

पहिल्या पर्वाच्या वेळी तू स्वतः आईला सांगितलं होतंस की यानातला तो तेजस म्हणजे तुझा दादा, आपला आदेशच. सांगायची गरजही नव्हती. आपल्या दारातून दिसतात तसल्याच दुर्बिणीच्या अँटेनांखाली तो वाढलेला, आदेशसारखाच शीळ घालणारा. त्याची धाकटी बहीण यानाची कॅप्टन. बाई केलीस म्हणून काय तू ओळखू येत नाहीस? तेजस दुरुस्तीला यानाबाहेर जातो, ऑटोचा खटका बंद केलास का विचारतो, ती केला म्हणते. केलेला नसतो. तेजस जीवानिशी जातो. तो भाग पाहून मी मोरीत जाऊन रडले होते. वाटलं, तोंडाने नाही तर नाही, पोरगं लिहून तरी मोकळं झालं. त्या दिवशी मी तुला मनातून माफ केलं होतं.

आता तोच प्रसंग पुन्हा दाखवलात. तेच कपडे, तीच खिडकी. फक्त कॅप्टनचा हात खटक्यापर्यंत जातो आणि खटका खाली करतो, म्हणजे ऑटो बंद. तेजस मेलाच नव्हता म्हणे. मरणाचं सोंग करून शत्रूला मिळाला होता. समृद्धी म्हणाली, याला रेटकॉन म्हणतात, पात्राचा भूतकाळ मागाहून बदलायचा. नेटवर लोक भांडतायत की पहिल्या पर्वात वर असलेला खटका आता खाली कसा.

अमृत, आपल्या विहिरीवरच्या पेटीतला खटकाही वरच होता.

तू दहावीत होतास. लाइट गेलेली, म्हणून आदेश मोटरीत अडकलेला कचरा काढायला विहिरीत उतरला. माणूस आत असेल तर ऑटो बंद ठेवायचा, नाहीतर लाइट येताच मोटर आपोआप सुरू होते, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. त्याने खालून विचारलं. तू पुस्तकातून मान वर न काढता केला म्हणालास. मी बांधावर गवत कापत होते, मला ऐकू आलं. मग लाइट आली.

आबा धावत आले ते आधी पेटीकडे. त्यांनी ऑटोचा खटका खाली केला. माणसं जमल्यावर सांगितलं, ऑटो बंदच होता, स्टार्टर खराब निघाला. मरेपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही. मीही नाही. आईला आजही ठाऊक नाही.

काल चतुर्दशी झाली, अपघाताने गेलेल्यांची. दरवर्षीसारखी खीर, वडे, अळूची भाजी केली. आदेशचं पान वाढायला घेतलं तर आईने मनगट धरलं. "जित्याचं पान वाढतीस व्हय गं?"

मी म्हटलं, आई, ती मालिका आहे.

"अमृतनं लिवलंय. त्या टायमाला हिरीवर त्योच व्हता. त्याला ठावं न्हाई तर कुणाला?"

पान रिकामंच राहिलं. पत्र्यावर कावळ्याला ठेवलेला घास तिने काढून आणला.

आता ती दाराला कडी लावू देत नाही. नुसती वाट पाहत असती तरी मी सोसलं असतं, पण ती त्याच्यावर चिडली आहे. आज सकाळी उंबऱ्यात बसून म्हणत होती, "आईला येक डाव तोंड दाखवाया काय जात व्हतं त्याचं?" तुझ्या एका शब्दावर विसंबून पाण्यात उभं राहिलेलं पोर आज आईच्या लेखी पळपुटं ठरलंय.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते. ते खाऊन वर मढ्यालाच चोर ठरवणारा आमच्याच घरात निघाला.

चॅनेलने बदलायला लावलं म्हणशील. खलनायक चॅनेलने मागितला असेल, मान्य. पण कॅप्टनचा हात खटक्यापर्यंत कोणी नेला?

नवरात्रात घरी ये. पितृपक्ष संपला तरी या पानासाठी मी तिथी बघणार नाही. आईसमोर बसून आदेशचं पान तुझ्या हाताने वाढ आणि ऑटो चालू होता हे तिला सांग. ती शिव्या देईल, कदाचित तुझं नाव टाकेल. पण तिचा आदेश तिला परत मिळेल, मेलेला का होईना.

दसऱ्यापर्यंत वाट पाहीन. नाही आलास तर मी सांगेन. आबांनी तुझ्यासाठी खाली केलेला तो खटका मी पुन्हा वर करणार आहे.

आधी आदेशची, मग तुझी,
वृषालीताई