तिसऱ्या मजल्यावर सादर करावयाचा पुरावा

३ जून. सकाळी ७.
या नोंदींतून एकच गोष्ट सिद्ध करायची आहे : मी किडनी प्रत्यारोपणास सर्वथा पात्र आहे. दाता घरातच आहे. हिचा रक्तगट जुळतो आणि ती एका पायावर तयार आहे. विरुद्ध पक्षाचे आक्षेप तीन : हृदय तीस टक्केच चालते, मधुमेह वीस वर्षांचा, डाव्या पायाची जखम भरत नाही. हृदयाचे डॉक्टर म्हणाले की भूलसुद्धा सोसणार नाही. हे मत झाले, पुरावा नव्हे. चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले; एवढा फरक मला कळतो.

५ जून. डायलिसिस.
दोन दिवसांत साडेतीन किलो पाणी साठले. सिस्टरने विचारले की आजोबा, विहीर प्यायलात की काय. मी निदर्शनास आणले की एक लिटरची मर्यादा मी कसोशीने पाळली; बर्फ हा द्रव नव्हे. त्यावर ही म्हणाली की मग तो तोंडात वितळू देऊ नका.

९ जून. संकल्प : रोज अर्धा तास चालणे.

१० जून. फाटकापर्यंत. वारा विरुद्ध दिशेचा.

११ जून. वारा नव्हता. चप्पल चावली.

१४ जून.
प्रत्यारोपण समितीची बैठक वीस तारखेला, रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर. युक्ती सुचली : लिफ्ट नाकारायची! जो त्रेसष्ट पायऱ्या चढून येतो, त्याचे हृदय दुर्बल कसे? मुलीने फोनवर विचारले की बाबा, डोकं ठिकाणावर आहे ना. मुद्द्याला बगल.

१७ जून.
हिने घडीचे स्टूल आणले. अर्थात गुडघे दुखत असणार. तू लिफ्टने जा, म्हटले. तर म्हणे, तुम्हाला एकटं सोडून कशी जाऊ. गुडघे तिचे, हट्टही तिचाच.

२० जून. दुपारी १२. छत्तीस पानी युक्तिवाद बगलेत. निघतो.

२३ जून. आयसीयू.
पहिल्या मजल्यावर हिने स्टूल उघडले. तू बस, म्हणून मी पुढे गेलो. दुसरा मजला सहा पायऱ्यांवर होता. पुढचे आठवत नाही.

समितीच खाली आली. अध्यक्षबाई म्हणाल्या म्हणे की आता वेगळी तपासणी नको. अर्ज फेटाळला. जिन्यात विखुरलेली छत्तीस पाने सफाईच्या मावशींनी गोळा केली. क्रम मात्र चुकला.

सिस्टर सांगते की आजी डॉक्टरांना आणायला जिना धावत चढल्या. हिला गुडघ्यांचे विचारले. ती म्हणाली की अहो, माझे गुडघे कधी दुखले?

सिद्धान्त अबाधित आहे. फेरअर्ज करीन. मात्र एक चूक मान्य करतो : स्टूल कोणासाठी आणले होते, हे मी न विचारता गृहीत धरले. मी बसायला हवे होते.

(स्वाक्षरी)
तर्कशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, खाट क्रमांक ४