मागून येणारी

स्कॉटलंड, फेब्रुवारी १९३४

कौतिका,

आखाजीच्या सणाला झोक्यावरून उतरून तू माझ्या हातातलं या गावाचं चित्र पाहिलंस आणि म्हणालीस, “माले तठे लई जाशी का?” तुझं ते ‘नेशील का’ ऐकलं आणि तिथंच माझं सगळं बदललं. मागणी घालायला आलो, तर तुझ्या आबांनी मला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं, तसं मी रागानं कॉलेज सोडलं आणि बोटीवर खलाशी झालो.

बोट सोडली आणि आता त्याच चित्रात बसलोय. समुद्रावर पडका किल्ला, धुक्यात तरंगणारी दगडी घरं, दारोदार वाळणारी कोळ्यांची जाळी. जाळी सुताची आहेत. हात लावला, तर तुझ्या केसांत अडकलेला जळगावचा कापूस आठवला.

घरमालकिणीला मी थाप मारलीय, की बायको मागून येतेय. म्हातारी रोज खिडकीत दोन कप मांडते. आज हसून म्हणाली, “पोरा, ती हिंदुस्थानातून चालत निघालीय की काय?”

मीही हसलो, आणि मग उमगलं. तुला ‘येतेस का’ असं मी विचारलंच नव्हतं. तुला न सांगताच तणतणत निघालो होतो.

हे पत्र टाकत नाही. विचारायला मीच येतो. ग्लासगो बंदराकडची गाडी सुटायला आलीय. उठतो, दार ओढून घेतो.

तुझा,
अभिमन