दोन दांड्यांचं यंत्र

फ्लोरा,

तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. डंकनचं दुकान शनिवारी बारालाच बंद होतं, त्यामुळे तू भेट आणलेला घरी बिअर करायचा संच बदलायला निघालोय. चीज रोल ओव्हनमध्ये आहेत. क्राइस्टचर्चची तुझी बस दोनची आहे. तोवर मी परत येईन.

संच चांगला आहे, रागावू नकोस. पण त्यातलं भांडं पाच लिटरचं. काल तू म्हणालीस, "बाबा, तू एकटा. तुला पाच लिटर बास!" आई गेल्यापासून मी बटाटेही दोनच उकडतो, ते ठीक. बिअर मात्र मला तेवीस लिटर करायची आहे.

सकाळी डंकनला फोन केला. तो म्हणाला, "अरे, चाळीसेक बाटल्या होतील! पिणार कोण, मेंढ्या?" मग झाकणं बसवायच्या यंत्राचं विचारलं. त्याच्याकडे दोन प्रकार आहेत. एक टेबलावर उभं राहतं आणि एकट्याला जमतं. डंकन म्हणतो, तेच घे. दुसऱ्याला दोन दांडे असतात. ते दाबण्यात दोन्ही हात गुंततात, म्हणून बाटली धरायला दुसरं माणूस लागतं.

मी दोन दांड्यांचं घेतोय.

उद्या बिअर लावली की बरोबर दोन आठवड्यांनी, रविवारी, बाटल्या भरायच्या. त्या दिवशी तुला यायला जमणार नसेल, तर बाराच्या आत दुकानात फोन कर. एकट्याचं घेईन.

बाबा