दोन्ही बाजूंना सिंह असलेल्या नाण्याबाबत

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
पोलीस ठाणे, जुना सूतबाजार,
नागपूर.

अर्जदार : गुलाबराव सखाराम गजभिये, सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी, रा. तेलीबांधा, रायपूर (छत्तीसगड).

विषय : जप्त नाण्याच्या प्रकरणात साक्षीदार श्री. अनंतराव पिंपळापुरे यांस समक्ष बोलावणेबाबत.

संदर्भ : तक्रार बंद केल्याचे आपल्या ठाण्याचे पत्र.

महोदय,

१. अर्जदार व रायपुरातीलच ब्राह्मणपारा येथील श्री. अनंतराव पिंपळापुरे हे रेल्वेच्या एकाच कार्यालयात नोकरीस होते. दोघांनाही नाणी जमवण्याचा नाद. रविवारी सकाळी गोल बाजारातल्या भांड्यांच्या दुकानांतून चिल्लर मागून घ्यायची, ओट्यावर बसून एकेक नाणे उलटून पाहायचे आणि मग अनंतरावांच्या घरी, आतल्या खोलीत, चहा घ्यायचा, हा क्रम निवृत्तीनंतरही मोडला नाही. टांकसाळीत छापताना चुकलेले एखादे नाणे आयुष्यात एकदा तरी आपल्या हाती लागावे, अशी अनंतरावांची फार इच्छा होती. ते कधी लागले नाही.

२. मागील वर्षी अर्जदार भाचीच्या लग्नास नागपुरास आला असता, आपल्या हद्दीतील नाणेविक्रेता हिरालाल याचे दुकानी त्यास एक रुपया दिसला. त्याच्या दोन्ही बाजूंना सिंह होते, किंमत कोठेच नव्हती. "टांकसाळीची गलती आहे साहेब, लाखात एक सापडते," असे हिरालालने गळ्याला हात लावून सांगितले. पावती मागता, "असल्या मालाची पावती कोण देते?" म्हणून तो हसला. अर्जदारही हसला व नाणे घेऊन रायपुरास परतला.

३. ते नाणे अर्जदाराने स्वतःजवळ ठेवले नाही. दुसऱ्याच दिवशी अनंतरावांच्या हातावर ठेवले. ते खिडकीशी गेले, नाणे उलटून पाहिले, पुन्हा उलटून पाहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले. फुकट घ्यायला ते तयार होईनात. देवघरातून आईच्या वेळचा भोसल्यांचा तांब्याचा पैसा आणून त्यांनी अर्जदाराच्या मुठीत कोंबला.

४. पुढील महिन्यात तेलीबांध्यास नाणेसंग्राहकांची बैठक होती. अनंतराव नवा सदरा घालून आले व सर्वांदेखत त्यांनी नाणे काढले. एका तरुण संग्राहकाने ते टेबलावर टाकले. नाणे वाजले नाही, नुसते खट् झाले. त्याने भिंगाखाली कडेची बारीक रेघ दाखवली. "दादाजी, ये तो खराद का काम है," तो म्हणाला. एक नाणे लेथवर आतून कोरून त्यात दुसरे पातळ घासून बसवले होते. लोक हसले. बाहेर आल्यावर अनंतरावांनी विचारले, "गुलाबराव, तुम्हाले मालूम होतं काय?"

"नाही हो. माह्या पोराची शपथ."

"मग मले काहून दिलं?"

तुमच्या आनंदासाठी दिले, एवढे साधे उत्तर अर्जदारास त्या वेळी सुचले नाही. तो गप्प उभा राहिला. त्या गप्प राहण्याचा अर्थ अनंतरावांनी त्यांच्या परीने लावला.

५. अर्जदार तांब्याचा पैसा परत करण्यास ब्राह्मणपाऱ्यात गेला. अनंतरावांची सून पूर्णिमा दारात आली. "काका, बाबा झोपले आहेत," असे ती खाली पाहून म्हणाली. आतून खोकला ऐकू येत होता. अर्जदाराने पैसा तिच्या हाती दिला. आत या, असे त्या घरात प्रथमच कोणी म्हटले नाही.

६. आपण फसवणारा नसून फसलेला आहोत, असे सरकारी कागदावर यावे म्हणून अर्जदाराने तक्रार करण्याचे ठरवले. रायपूरच्या ठाण्यात, खरेदी नागपूरची म्हणून नागपुरास जा, असे सांगण्यात आले. अनंतरावांनी नाणे पूर्णिमेच्या हाती परत पाठवले होते, ते घेऊन अर्जदार आपणांकडे आला. आपण ते जप्त केले. तेथील शिपायाने समजुतीने सांगितले, "काका, नाणं कोरणं गुन्हा, अन् कोरलेलं जवळ ठेवणं बी गुन्हाच. लय ताणू नका, तुमच्यावरच येईल." मुलगा धम्मदीप म्हणाला, "बाबा, छोड़िए ना अब." पत्नी सत्यभामा म्हणाली, "काहून जीव जाळून राहिले?" अर्जदाराने कोणाचेच ऐकले नाही.

७. चौकशीत हिरालालने जबाब दिला की, नाणे जादूच्या खेळातले म्हणूनच विकले होते व गजभिये यांस ते पूर्ण ठाऊक होते. पावती नसल्याने तो जबाब ग्राह्य धरून आपण तक्रार बंद केली आणि नियमाप्रमाणे पत्राची एक प्रत, तक्रारीत साक्षीदार म्हणून नाव असलेल्या अनंतरावांस पाठवली. अर्जदारास सर्व ठाऊक होते, असे आता सरकारी शिक्क्यानिशी त्यांच्या घरात पोचले आहे. त्यानंतरच्या रविवारी ते गोल बाजारात दिसले. अर्जदाराने हाक मारली. त्यांनी रस्ता ओलांडला.

८. सबब विनंती की, कोरलेले नाणे जवळ बाळगल्याबद्दल अर्जदारावरच गुन्हा नोंदवावा. अर्जदार तो नाकारणार नाही, वकीलही देणार नाही. शिक्षा काय व्हावी याबद्दल त्याचे काही म्हणणे नाही. मात्र खटला उभा राहिल्यास साक्षीसाठी अनंतरावांना यावे लागेल, आणि अर्जदाराचे म्हणणे वाचले जाईल तेव्हा त्यांना त्याच खोलीत बसावे लागेल. तेवढा वेळ त्यांना उठून जाता येणार नाही. अर्जदारास एवढेच हवे आहे.

९. अनंतरावांना दम्याचा त्रास आहे. उन्हाळ्यात त्यांना नागपूरचा प्रवास झेपणार नाही, तरी समन्स त्याआधी निघावे. त्यांचे तिकीट अर्जदार काढील. त्यांना वेगळ्या डब्यात बसायचे असल्यास अर्जदाराची हरकत नाही.

कळावे.

आपल्या समन्सची वाट पाहणारा,
(सही)
गुलाबराव सखाराम गजभिये

रायपूर,
दि. १८ फेब्रुवारी २०१४

सोबत : तक्रार बंद केल्याच्या पत्राची प्रत.